व्यवसाय फ्रँचायझी देण्यासाठी तयार आहे का, हे कसे ओळखावे?

दुकानासमोर रांग लागू लागली की एखादा ग्राहक हमखास विचारतो, ‘आमच्या गावात तुमची फ्रँचायझी मिळेल का?’ नव्या दुकानाचे भांडवल समोरचा घालणार असल्याने मालकाला ही वाढीची सोपी वाट वाटते. पण ते भांडवल अनेकदा कुणाच्या तरी निवृत्तीची पुंजी किंवा घर तारण ठेवून काढलेले कर्ज असते. म्हणूनच होकार देण्याआधी व्यवसायाची तयारी तपासावी लागते.

फ्रँचायझीत नेमके काय विकले जाते?

फ्रँचायझी घेणारा सुरुवातीला ठरावीक शुल्क आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी देतो. त्या बदल्यात त्याला नाव आणि धंदा चालवण्याची पद्धत मिळते. मिसळीची चव मालकाच्या हाताच्या अंदाजावर अवलंबून असेल, तर देण्यासारखी पद्धत अजून तयार झालेली नाही. मसाल्याचे वजन, तर्रीचे प्रमाण, खरेदी, स्वच्छता, रोजचा हिशेब हे सारे लिहून काढले पाहिजे आणि ते वाचून नव्या माणसाला तीच चव आणता आली पाहिजे. ‘गोली वडापाव’ने कारखान्यात यंत्रावर बनवलेले गोठवलेले वडे दुकानांना पुरवण्याचा मार्ग निवडला. त्यामुळे प्रत्येक दुकानात कुशल आचारी असण्याची गरज उरली नाही.

दुसरे दुकान हीच खरी परीक्षा

पहिले दुकान मोक्याच्या जागेमुळे किंवा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो म्हणूनही चालते. त्यामुळे वेगळ्या वस्तीत स्वतःच्या पैशाने दुसरे दुकान काढावे, ते पगारी व्यवस्थापकाकडे सोपवावे आणि पावसाळा, श्रावण, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी असे पूर्ण वर्ष चालवून पाहावे. चीनमध्ये 2007 पासून फ्रँचायझी देणाऱ्याची किमान दोन स्वतःची दुकाने एक वर्षाहून अधिक काळ चाललेली असावी लागतात. भारतात अशी सक्ती नाही, म्हणून ही शिस्त मालकाने स्वतःच पाळायची असते.

घेणाऱ्याला काय उरते?

समजा, एका खाद्यपदार्थांच्या दुकानाची महिन्याची विक्री 4 लाख रुपये आहे. कच्चा माल 1,60,000, भाडे 50,000, पगार 80,000 आणि वीज, गॅस व इतर खर्च 30,000 वजा जाता मालकाला 80,000 रुपये उरतात. फ्रँचायझी घेणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा होतो. व्यवस्थापकाचा पगार 25,000, सहा टक्के रॉयल्टी 24,000 आणि रॉयल्टीवरील 18 टक्के जीएसटी 4,320 रुपये आणखी वजा झाले की हातात 26,680 रुपये राहतात. त्याने 15 लाख गुंतवले असतील, तर ते वसूल व्हायला साडेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. करार पाच वर्षांचा असेल, तर कमाईसाठी जेमतेम काही महिनेच उरतील. कर्जाचे व्याज तर यात धरलेलेच नाही.

नाव आणि करार

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. असे व्यवहार मुख्यतः भारतीय करार कायदा, 1872 आणि व्यापारचिन्ह कायदा, 1999 यांच्या आधारे चालतात. अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान 14 दिवस आधी फ्रँचायझी घेणाऱ्याला सविस्तर माहितीपत्र द्यावे लागते. भारतात अशी तरतूद नसल्याने करारातील प्रत्येक कलमाला जास्त महत्त्व येते.

व्यापारचिन्हाची नोंदणी 10 वर्षे टिकते आणि नंतर तिचे नूतनीकरण करता येते. ‘कोल्हापुरी मिसळ’सारख्या केवळ वर्णन करणाऱ्या नावावर एकट्याचा हक्क मिळणे कठीण असते, त्यामुळे नावाचा प्रश्न आधीच सोडवावा.

तयारीच्या खुणा

- दुसरे दुकान मालकाशिवाय वर्षभर नफ्यात चालले आहे.
- कामाची पद्धत लिखित असून नव्या माणसाला ती ठरावीक दिवसांत शिकवता येते.
- रॉयल्टी व कर देऊनही घेणाऱ्याचे पैसे कराराच्या निम्म्या मुदतीत वसूल होतात.
- व्यापारचिन्ह नोंदलेले आहे.
- प्रशिक्षण, पुरवठा आणि तपासणीसाठी वेगळी माणसे नेमलेली आहेत.

यातली एखादी खूण दिसत नसेल, तर मागणी कितीही असली तरी थांबणे हिताचे. फ्रँचायझीचे एक दुकान बंद पडले की घेणाऱ्याची पुंजी जाते आणि त्या गावात मालकाचे नावही खराब होते.