साऱ्यातला आणा आणि मुठीतलं धान्य

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिणारे बहुतेकजण संस्थापकाच्या फोटोपासून सुरुवात करतात. मी हिशेबतपासनीस, मला आधी जमेची बाजू बघायची खोड. सातारा-सांगली पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांच्या कीर्दी-खतावण्या चाळण्यात माझी नोकरी गेली. त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. इंग्रजी अमदानीत या भागात शिक्षणाला जो पैसा मिळाला, तो कुठल्याही वाटेने आलेला असो, मुळात जमिनीतून निघालेला होता. म्हणून पाऊस किंवा बाजारभाव पडला की मास्तरच्या पगारापर्यंत त्याची झळ पोचायची.

आमच्या घरी पणजोबांचं साऱ्याचं पावतीपुस्तक आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण रकाने वाचता येतात. साऱ्याच्या शेजारी लोकल फंड. रुपयामागे एक आणा. ही पट्टी मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमाराला सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने पक्की झाली. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. आठ रुपये सारा असेल तर लोकल फंड आठ आणे, आणि त्यातले दोन आणे आठ पै शाळेच्या नावे. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. ज्या शाळेत ते कधी बसले नाहीत तिचे ते वर्षानुवर्षं देणगीदार होते, तेही सक्तीचे.

ही विसंगती पहिल्यांदा चव्हाट्यावर आणली ती ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यातला रोख सरळ होता. सरकारचं उत्पन्न कुणब्याच्या घामातून, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. फुल्यांचं हे म्हणणं आपण समाजसुधारकाचं म्हणून वाचतो. मला ते अस्सल ऑडिट रिपोर्टासारखं वाटतं: जमा कोणाची, खर्च कोणावर, ताळा घाला.

आता ही जमा पडायची कशी ते बघा. पीक किती आलं ते आण्यांत मोजायचं, सोळा आणे म्हणजे भरघोस. आणेवारी चारच्या आत गेली की सारा तहकूब, म्हणजे वसुली पुढच्या सालावर. लागोपाठ वाईट सालं आली तर तहकुबीची सूट व्हायची. साऱ्याला जोडलेला आणाही त्याच्याबरोबर अडकायचा. माण, खटाव, खानापूर, जत हा पूर्वेचा सगळा पट्टा कमी पावसाचा, आणि १८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९०० या दुष्काळांनी तर तो भाजून निघाला. सरकारी कागदावर 'तहकुबी' एवढा एकच शब्द. पण शाळेच्या मास्तरचा पगार, छपराची कौलं, नवी शाळा, सगळं त्या शब्दाखाली दबलेलं. १९२३ च्या कायद्यानंतर प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे आल्या, तरी बोर्डाच्या थैलीत भर घालणारा आणा तोच होता.

१९१८ साली पाऊस दगा देऊन गेला, वर इन्फ्लुएंझाची साथ आली. असल्या सालानंतर शहाणा माणूस नवं काही काढत नाही. पण १९१९ मध्येच आमच्या भागात दोन संस्था उभ्या राहिल्या. सांगलीला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज, आणि कराडजवळ काले इथे दसऱ्याच्या दिवशी भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था. दोन्हींचा खर्च भागवायचा ढंग अगदी निराळा.

विलिंग्डनचं नाव गव्हर्नरचं, पाठबळ संस्थानिकांचं. त्या वेळी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात, आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून जन्मला, नाव १९६० ला बदललं. संस्थानिकाची देणगी म्हणजे राजाच्या खिशातली, असं आपण म्हणतो. पण तो खिसा साऱ्यानेच भरायचा. परीक्षेची फी जायची मुंबई विद्यापीठाकडे. हे विद्यापीठ १८५७ चं, बराच काळ स्वतः शिकवायचंच नाही, संलग्न कॉलेजांच्या मुलांच्या परीक्षा घ्यायचं. त्याचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून. तो पैसा कापसाच्या तेजीतला, म्हणजे शेवटी काळ्या मातीतलाच.

सोसायटीची खरी मिळकत मात्र ताळेबंदात दिसत नाही. १८८४ पासून तिथे आजीव सदस्यांची पद्धत. वीस वर्षं बांधून घ्यायचं आणि तुटपुंज्या पगारावर शिकवायचं. गोखल्यांसारख्याने फर्ग्युसनमध्ये महिना पंचाहत्तर रुपयांवर काम केलं. सरकारी कॉलेजातल्या इंग्रज प्राध्यापकाला याच्या कितीतरी पट मिळायचे. त्या फरकाला मी देणगी म्हणतो. दरमहा, बिनपावतीची.

मग १९३० चं दशक उजाडलं आणि मंदी आली. इथे एक बारकावा आहे, तो फार कुणी मांडत नाही. आणेवारी पीक मोजते, भाव मोजत नाही. मंदीत गूळ, हळद, भुईमूग शेतात चांगले उभे होते, फक्त बाजारात त्यांना कोणी विचारत नव्हतं. सारा ठरलेला रोखीत, तीस-तीस वर्षांसाठी बांधलेला. पूर्वी एका पोत्यात भागायचं तिथे दोन पोती विकायची पाळी. कागदोपत्री साल बरं, म्हणून तहकुबी मागायला तोंड नाही, आणि हातात पैसा नाही म्हणून वसुली थकलेली. कॉलेजची फी रोख, पगार रोख, लोकल बोर्डाचा आणा रोख. अशा वेळी पोराचं नाव काढून घेणारा बाप काय वाईट होता?

भाऊरावांच्या बोर्डिंगचं गणित इथे वेगळं पडतं. सातारचं बोर्डिंग १९२४ चं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. गावोगावच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते गोळा होऊन इथे यायचं. भावनेचा भाग सोडा, हिशेब बघा. बोर्डिंगचा मोठा खर्च पोरांच्या पोटाचा, म्हणजे धान्याचा. जमाही धान्याची. ज्वारीचा भाव निम्म्यावर आला तरी मूठ तेवढीच राहते आणि भाकरीही तेवढीच होते. रुपया मध्ये आलाच नाही, मग मंदी शिरणार कुठून? (दुष्काळात मूठच रिकामी, हे खरं. प्रत्येक तजविजीला एक भोक असतंच.) भाऊरावांचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते. साऱ्याची वसुली घरात बघितलेल्या मुलाला रोखीची अडचण वेगळी सांगावी लागली नसावी.

दुसरी जमा श्रमाची. पोरांनी माती वाहायची, शेत पिकवायचं, भिंती रचायच्या. १९३५ ला ट्रेनिंग कॉलेज आणि १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं तेव्हा ही रीत मुरलेली होती. आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने. पोरांना जेवण कमी पडायला लागलं तेव्हा त्यांनी अंगावरचं एकेक विकलं, मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. ही जमा कुठल्या सदरात धरायची, याला आमच्या हिशेबशास्त्रात सदर नाही.

सरकारी अनुदानाचा घोळ इथेच. अनुदान ठरायचं मंजूर खर्चावर, आणि खर्च म्हणजे व्हाउचर. मुठीच्या धान्याला आणि पोरांच्या घामाला व्हाउचर नसतं. जितकं काटकसरीने चालवाल तितकं अनुदान कमी, आणि जो उधळेल त्याला जास्त. ही गंमत पुढे नोकरीतही मी पाहिली. एका संस्थेच्या गावकऱ्यांनी श्रमदानाने खोल्या बांधल्या, तर साहेबांनी विचारलं, ठेकेदाराचं बिल कुठंय? मला उत्तर सुचलं नाही, मी शेरा लिहिला तो वरिष्ठांनी खोडला.

स्वातंत्र्यानंतरही हे गणित लगेच सुटलं नाही. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, आणि पुढच्याच वर्षी भाऊरावांच्या सरकारवरच्या टीकेवरून मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं. पगार अडले, तरी शाळा बंद पडल्या नाहीत. गावं पुन्हा धान्य घेऊन आली. पुढे अनुदान सुरू झालं आणि रोखीची कीर्द परत भरू लागली.