नकाशावरचा झरा

कोळशाची खाण जमिनीखाली चालते, म्हणून तिचे भय खाली उतरणाऱ्यालाच असते, अशी आपली समजूत असते. दक्षिण वेल्समधील अॅबरफॅन या गावाने १९६६ साली ती खोटी ठरविली.

टॅफ नदीच्या खोऱ्यात १८६९ साली मर्थर व्हेल खाणीचे काम सुरू झाले आणि तिच्या आधाराने गाव वसले. कोळशाबरोबर दगडमातीही वर येते. ती टाकावयाची कोठे? १९१६ पासून ती गावामागच्या डोंगरउतारावर पडू लागली आणि पन्नास वर्षांत तेथे सात ढीग उभे राहिले.

तो डोंगर भेगाळलेल्या वालुकाश्माचा. पावसाचे पाणी त्यात मुरावयाचे आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर यावयाचे. यात गुपित असे काही नव्हते. १८७४ पासूनच्या सरकारी नकाशांवर हे झरे व ओहोळ दाखविलेले होते आणि गावकऱ्यांनाही ते ठाऊक होते. असे असता १९५८ साली सातवा ढीग नेमका अशाच पाण्यावर रचावयास आरंभ झाला. त्यावर पुढे कोळसा काढून घेतल्यावर उरणारा बारीक गाळही टाकण्यात येऊ लागला.

ढिगातले कण एकमेकांवर रेलून उभे असतात. मधल्या फटींत पाणी कोंडले, की त्याचा दाब कणांची परस्परांवरील पकड सोडवितो. वरून कणखर दिसणारा ढीग आतून पातळ होतो. हे ज्ञानही नवे नव्हते. १९३९ साली काही मैलांवर असाच एक ढीग घसरला, तेव्हा ढिगाखालच्या पाण्याला वाट करून देण्याविषयी एक टिपण तयार झाले होते. १९६५ साली ते पुन्हा फिरविण्यात आले. खुद्द अॅबरफॅनचा चौथा ढीग १९४४ साली घसरला होता, सातवा १९६३ साली. त्याच वर्षी तेथील नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेमागच्या धोक्याविषयी पत्रे लिहिली. कागद या मेजावरून त्या मेजावर गेले; डोंगरावर मात्र ढीग वाढतच राहिला.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुटी लागावयाची होती. सकाळी ढिगावर गेलेल्या कामगारांना त्याचा माथा दहा फूट खचलेला दिसला. खाली खोऱ्यात दाट धुके होते. सव्वानऊच्या सुमारास तो काळा लोंढा पँटग्लास शाळेवर आणि शेजारच्या घरांवर येऊन आदळला. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती.

मृत्यूच्या चौकशीच्या वेळी एका पित्याने आग्रह धरला, की मुलाच्या मृत्यूचे कारण 'कोळसा मंडळाने जिवंत गाडले' असे लिहावे. उलट मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स यांनी ढिगाखालच्या अज्ञात झऱ्यांकडे बोट दाखविले. लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने ७६ दिवस काम चालवून १३६ साक्षी घेतल्या आणि १९६७ च्या ऑगस्टमधील अहवालात दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. झरे अज्ञात नव्हते. त्यांची दखल घेतली गेली नव्हती. तरीही कोणावर खटला झाला नाही की कोणाची नोकरी गेली नाही. उलट उरलेले ढीग हलविण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ते परत मिळावयास १९९७ साल उजाडले.

१९६९ साली ढिगांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९८९ साली खाणही बंद पडली. पण खाण बंद पडली तरी पाऊस मुरावयाचा थांबत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत, वादळी पावसानंतर, वेल्समध्येच टायलर्सटाउन येथे एक जुना ढीग घसरला. सुदैवाने माणूस दगावला नाही. आता अशा ढिगांची पाहणी होते. नळ्या उतरवून आतल्या पाण्याची पातळी मोजतात, झऱ्यांचे व चरांचे प्रवाह पाहतात.

मी शाळामास्तर आहे. रोज हजेरीपटावर खुणा करतो. एखादे मूल तीन दिवस आले नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे, एवढ्यासाठीच तो पट. नुसत्या खुणा करून तो मिटून ठेवला, तर पट असून नसल्यासारखाच. झऱ्यांच्या नोंदीचेही तसेच आहे. अॅबरफॅनच्या झऱ्याची नोंद ब्याण्णव वर्षे होती; डोंगर चढून त्याची चौकशी करणारे कोणी नव्हते.