तलावाची खोली आणि मालकाची जबाबदारी

पोहण्याच्या तलावावर कुणी जखमी झालं, तर भरपाई कोणी द्यायची? आज या प्रश्नाचा इतिहास बघायचा आहे. विषय कायद्याचा असला तरी मी कलमांची यादी वाचणार नाही. दिल्लीतल्या एका खटल्याच्या आधाराने बोलतो.

ऑगस्ट १९७२. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचे कर्मचारी दिल्लीत ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलमध्ये उतरलेले होते. त्यांच्यातल्या एका सहवैमानिकाने हॉटेलच्या तलावात सूर मारला. डोकं तळावर आपटलं, आणि त्याचं शरीर लुळं पडलं. उथळ पाण्यात सूर मारला की नेमकं हेच होतं. शरीराचा सगळा वेग डोक्यावर येतो, मानेचा मणका मोडतो, आतला मज्जारज्जू दुखावतो. तो पुन्हा जुळत नाही. पुढची तेरा वर्षं त्या माणसाने तशीच काढली आणि १९८५ मध्ये तो वारला. दावा तेव्हाही चालूच होता.

आता जरा मागे जाऊ. जागेच्या मालकाची जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. आपली न्यायालयं इंग्लंडमधल्या निवाड्यांतून आलेली तत्त्वं वापरतात. आणि तिथला जुना विचार कसा होता बघा. माणूस पडला कसा, हे विचारायच्या आधी तो तिथे आला कोणत्या नात्याने, हे विचारायचे. मालकाच्या धंद्याशी संबंधित कामासाठी आलेला एक, नुसत्या परवानगीने आलेला दुसरा, आणि न विचारता घुसलेला तिसरा. १८६६ मध्ये साखरेच्या कारखान्यात गॅसच्या कामासाठी आलेला एक कामगार उघड्या भोकातून खाली पडला. त्या खटल्यात ठरलं, की कामासाठी आलेल्या माणसाला अनपेक्षित धोक्यापासून वाचवण्याची काळजी मालकाने घ्यायलाच हवी. पण घुसखोराला? त्याला जवळजवळ काहीच नाही. १९२९ मध्ये तर घुसखोर म्हणून एका लहान मुलाच्या मृत्यूचीही भरपाई नाकारली गेली.

ही उतरंड हळूहळू मोडली. १९५७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पहिल्या दोन प्रकारांतला फरक संपला. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्या दिल्लीतल्या अपघाताच्याच वर्षी, तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की घुसखोराच्या बाबतीतही, विशेषतः मुलांच्या, मालकाला माणुसकी सोडता येणार नाही. मोडक्या कुंपणातून रेल्वेच्या विजेच्या रुळावर गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा तो खटला होता. थोडक्यात, ‘तू इथे कोण?’ या प्रश्नाची जागा ‘मालकाला हा धोका कळायला हवा होता का?’ या प्रश्नाने घेतली.

म्हणून मालक प्रत्येक गोष्टीला जबाबदार, असं मात्र नाही. इंग्लंडमधल्याच एका कॉलेजचा हिवाळ्यासाठी बंद ठेवलेला तलाव. रात्री मित्रांबरोबर फाटक चढून आत गेलेल्या विद्यार्थ्याने सूर मारला आणि तो कायमचा अपंग झाला. अपील न्यायालयाने त्याला भरपाई दिली नाही. सज्ञान माणसाने उघड दिसणारा धोका स्वतःहून पत्करला होता, असं न्यायालय म्हणालं.

दिल्लीतला पाहुणा मात्र कुठलं फाटक चढून गेला नव्हता. तलाव हॉटेलनेच पाहुण्यांसाठी ठेवलेला. १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती होते आर. सी. लाहोटी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. तलावाच्या रचनेत दोष होता आणि सूर मारण्याच्या जागी पाणी पुरेसं खोल नव्हतं, असं त्यांनी ठरवलं. पंचतारांकित हॉटेल जास्त पैसे घेतं, तर त्याने काळजीही तेवढीच जास्त घेतली पाहिजे, हे सूत्र त्यांनी मांडलं. भरपाई पन्नास लाख रुपये.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. हॉटेलने अपील केलं, आणि खंडपीठाने निकाल फिरवला. कारण काय? दावा चालू असताना वादी वारला, म्हणून दाव्याचं कारणही त्याच्याबरोबर संपलं! भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मध्ये कलम ३०६ आहे. माणसाचे बहुतेक हक्क त्याच्या मृत्यूनंतर पुढे चालतात, पण मृत्यूला कारण न झालेल्या शारीरिक इजेचा दावा चालत नाही, असं ते सांगतं. अपघातापासून हा निकाल येईपर्यंत जवळपास तीस वर्षं गेली होती.

मला वाटतं, या खटल्याचा खरा धडा इथे आहे. मालकाने किती काळजी घ्यायची, हे तत्त्व न्यायालयांनी शंभर-सव्वाशे वर्षांत घासूनपुसून नीट केलं. पण ज्याच्यासाठी केलं, तो माणूस निकालापर्यंत जगेल का, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. उलट, दावा जितका लांबेल तितका प्रतिवादीचा फायदा, असं झालं. आज हॉटेल किंवा क्लबमध्ये पैसे भरून गेलेल्या माणसाला ग्राहक आयोगाचा दुसरा रस्ता आहे. ग्राहक मरण पावला तर त्याच्या वारसाला तक्रार करता येते, असं ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ही लहान गोष्ट नव्हे.

आता आपल्या सोसायट्यांमध्येही तलाव आले आहेत. बहुतेक ठिकाणी पाटी असते : ‘पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे’. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी धंदेवाईक मालकाला अशा पाटीने झटकता येत नाही, हे इंग्लंडने १९७७ च्या कायद्यातच लिहून टाकलं. आपल्या समितीतल्या मंडळींना एवढंच सांगेन : त्या पाटीशेजारी पाण्याची खोली मोठ्या अक्षरांत लिहा, उथळ बाजूला सूर मारायला बंदी करा, आणि तलाव उघडा असेल तेव्हा जीवरक्षक हजर ठेवा. अपघातानंतर कोर्टात हीच काळजी तपासली जाते. आधीच घेतली, तर एखाद्याची मान वाचते.