ब्रिटनमधील प्रादेशिक दूरचित्रवाणी व तिचे राष्ट्रीय प्रक्षेपण

एखाद्या प्रदेशात, मुख्यतः तेथील प्रेक्षकांसाठी निर्माण झालेले दूरचित्रवाणी कार्यक्रम संपूर्ण देशास दाखविण्याची ब्रिटनमधील प्रथा व तिचा इतिहास. ब्रिटन आकाराने लहान असले, तरी त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड हे चार घटक समाविष्ट आहेत आणि खुद्द इंग्लंडातही उत्तर व दक्षिण यांच्या बोलीत, व्यवसायांत व राहणीत मोठे अंतर आहे. त्यामुळे कोणत्या प्रदेशाचे कोणते चित्र साऱ्या देशासमोर जावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न तेथे दूरचित्रवाणीच्या व्यवस्थेत सतत उभा राहिला. त्याचे उत्तर कार्यक्रमांच्या गुणवत्तेपेक्षा प्रक्षेपकांची व्याप्ती, जाहिरातींचे उत्पन्न आणि वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार यांवरच अधिक अवलंबून होते.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने (बीबीसी) २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धामुळे सप्टेंबर १९३९ मध्ये ती बंद पडली व ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर सटन कोल्डफील्ड (१९४९), होम मॉस (१९५१), कर्क ओ' शॉट्स व वेनव्हो (१९५२) ही प्रक्षेपण केंद्रे उभारण्यात आली. या विस्ताराचा हेतू लंडनचा कार्यक्रम दूरवर पोहोचविणे हा होता; बर्मिंगहॅम किंवा ग्लासगोचा कार्यक्रम लंडनला दाखविणे हा नव्हता. नभोवाणीत प्रादेशिक केंद्रांची परंपरा चांगली रुजलेली असूनही दूरचित्रवाणीत ती प्रथम जवळजवळ लुप्त झाली.

प्रक्षेपकाची व्याप्ती आणि लोकांचा प्रदेश यांचा मेळ क्वचितच बसतो. वेनव्होचा संकेत दक्षिण वेल्सप्रमाणेच ब्रिस्टल खाडीपलीकडील पश्चिम इंग्लंडातही पोहोचत असे. परिणामी वेल्श भाषेतील कार्यक्रम इंग्रज घरांत उमटत आणि तेथून तक्रारी येत. उलट वेल्श भाषकांना मिळणारा वेळ तुटपुंजाच राही. १९६४ मध्ये बीबीसीने वेल्ससाठी स्वतंत्र सेवा सुरू केल्यावर ही अडचण काहीशी दूर झाली. व्यापारी दूरचित्रवाणीतही असेच घडले. लिंकनशरमधील बेलमंट हा प्रक्षेपक १९७४ मध्ये अँग्लिया कंपनीकडून यॉर्कशर कंपनीकडे सोपविण्यात आला, तेव्हा तेथील प्रेक्षक घर न सोडता एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेले.

व्यापारी दूरचित्रवाणीची स्थापना १९५४ च्या कायद्याने झाली. इंडिपेंडंट टेलिव्हिजन ऑथॉरिटी ही नियंत्रक संस्था, तिचे अध्यक्ष सर केनेथ क्लार्क व महासंचालक सर रॉबर्ट फ्रेझर यांनी एका देशव्यापी कंपनीऐवजी प्रदेशवार कंपन्यांना परवाने देण्याचे धोरण स्वीकारले. २२ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनमध्ये प्रक्षेपण सुरू झाले. १९५६ मध्ये मिडलँड्स व उत्तर इंग्लंड, तर १९५७ ते १९६२ या काळात स्कॉटलंड, वेल्स, दक्षिण इंग्लंड, टाइनसाइड, ईस्ट अँग्लिया, उत्तर आयर्लंड, नैर्ऋत्य इंग्लंड, सीमाप्रदेश, ईशान्य स्कॉटलंड व चॅनेल बेटे अशी साखळी पूर्ण झाली. कागदावर ही व्यवस्था संघराज्यासारखी होती. प्रत्यक्षात असोसिएटेड-रिडिफ्यूजन, एटीव्ही, एबीसी व ग्रॅनाडा या चार मोठ्या कंपन्या आपसांत कार्यक्रमांची देवाणघेवाण करीत आणि लहान कंपन्या त्यांच्याकडून कार्यक्रम घेत. १९६८ च्या परवाना-वाटपानंतर टेम्स, लंडन वीकएंड, एटीव्ही, ग्रॅनाडा व यॉर्कशर या पाच कंपन्यांकडे तो अधिकार आला. त्यांचे कार्यक्रम-नियंत्रक एकत्र बसून सायंकाळच्या मुख्य वेळेची वाटणी करीत. लहान कंपन्यांना जाळ्यावरील कार्यक्रमांची किंमत त्यांच्या जाहिरात-उत्पन्नाच्या प्रमाणात द्यावी लागे, म्हणजे ती त्यांना परवडे. पण आपला कार्यक्रम जाळ्यावर घालण्याची संधी मात्र अपवादानेच मिळे. स्वस्तात घेण्याची सोय आणि विकण्याची अडचण या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून आल्या होत्या, हे टीकाकार बहुधा विसरतात.

जाळे म्हणजे सर्वत्र एकाच वेळी एकच कार्यक्रम, असेही नव्हते. ग्रॅनाडाची कॉरोनेशन स्ट्रीट ही मालिका ९ डिसेंबर १९६० रोजी मँचेस्टरमधून सुरू झाली. सॉलफर्डसारख्या कामगार वस्तीतील एक गल्ली, तेथील दारूचा गुत्ता व कोपऱ्यावरचे दुकान एवढाच तिचा परिसर. उत्तरेची बोली इतरांना रुचेल की नाही ही शंका प्रबळ होती आणि आरंभी सर्व विभागांनी ती घेतलीही नाही. १९६१ च्या मध्यापर्यंत मात्र ती देशभर दिसू लागली आणि सर्वाधिक लोकप्रिय कार्यक्रमांत गणली गेली. तिने लंडनसाठी आपली बोली सौम्य केली नाही, हे तिच्या यशाचे एक कारण म्हणता येईल. एटीव्हीच्या क्रॉसरोड्स (१९६४) या मिडलँड्समधील मालिकेची कथा याहून विचित्र आहे. निरनिराळ्या कंपन्या ती निरनिराळ्या वेळी दाखवीत. टेम्सने १९६८ मध्ये ती थांबविली व काही महिन्यांनी पुन्हा सुरू केली. त्यामुळे लंडनचे प्रेक्षक कित्येक वर्षे कथानकात सुमारे सहा महिने मागे राहिले. मधले भाग गाळून त्यांना इतरांच्या बरोबरीस आणण्यास १९७५ साल उजाडले.

लहान कंपनीला राष्ट्रीय पडद्यावर पाय रोवता आला, तो बहुतेक वेळा एखाद्या विशेष विषयाच्या आधारे. नॉर्विच येथील अँग्लिया कंपनीने आपल्या शेतीप्रधान विभागातील निसर्गजीवनावर स्थानिक कार्यक्रम केले होते. त्यांतून १९६१ मध्ये सर्व्हायव्हल ही वन्यजीवनविषयक अनुबोधपटांची मालिका निघाली आणि ती ब्रिटनभर तर गेलीच, पण परदेशांतही मोठ्या प्रमाणावर विकली गेली. यात एक तडजोडही होती : मालिका जसजशी मोठी झाली, तसतसा ईस्ट अँग्लियाचा पाणथळ प्रदेश मागे पडला आणि आफ्रिकेतील प्राणी पुढे आले.

याउलट यॉर्कशर टेलिव्हिजनचा टू लाँग अ विंटर हा अनुबोधपट (१९७३) पूर्णतः स्थानिक राहूनच राष्ट्रीय ठरला. बॅरी कॉकक्रॉफ्ट यांनी पेनाइन डोंगरांतील बॉल्डर्सडेल या खोऱ्यात हॅना हॉक्सवेल या शेतकरी स्त्रीचे जीवन चित्रित केले. सेहेचाळीस वर्षांच्या हॅना लो बर्क हॅट या शेतावर एकट्या राहत. घरात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते आणि वर्षाची मिळकत तीनशे पौंडांहूनही कमी होती. बर्फात गुरांना चारा-पाणी करणारी ही स्त्री कसलीही तक्रार न करता, संथ व नेमक्या भाषेत बोलत होती. प्रक्षेपणानंतर कंपनीकडे दूरध्वनींची रीघ लागली. देशभरातून पत्रे, भेटवस्तू व पैसे आले आणि जवळच्या एका कारखान्यातील लोकांनी निधी गोळा करून तिच्या शेतावर वीज आणली. शहरी ब्रिटनला आपल्याच देशातील दारिद्र्य अशा रीतीने प्रथमच दिसले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते एका ओळखीच्या व्यक्तीच्या रूपात दिसले, हे खरे. हॅना यांनी १९८८ मध्ये ते शेत सोडले. त्या चित्रपटातील खोरे, विशेष म्हणजे, १९७४ च्या प्रशासकीय पुनर्रचनेत यॉर्कशरमधून काढून डरम परगण्यास जोडले गेले.

बहुसंख्य प्रादेशिक अनुबोधपटांच्या वाट्यास असा प्रेक्षकवर्ग आला नाही. अबाउट ब्रिटन या सामायिक शीर्षकाखाली निरनिराळ्या कंपन्यांचे असे कार्यक्रम देशभर दाखविले जात, पण ते दिवसा, बहुतेक लोक कामावर असताना.

बीबीसीने वेगळा मार्ग धरला. सप्टेंबर १९६९ मध्ये सुरू झालेल्या नेशनवाइड या सायंकालीन कार्यक्रमात आधी प्रत्येक विभागाचे स्वतःचे वृत्त दाखवून नंतर लंडनच्या स्टुडिओतून सर्व विभाग एकमेकांस जोडले जात. जोडणी अनेकदा फसे आणि लंडनचा निवेदक उत्तर न देणाऱ्या पडद्याकडे पाहत राही. प्रेक्षकांना तीही एक करमणूकच होती. शार्लट ब्रन्सडन व डेव्हिड मॉर्ली यांनी १९७८ मध्ये या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रदेशांची विविधता दाखविताना वर्गभेद व संघर्ष झाकले जातात, असा आक्षेप त्यांनी घेतला. चाकांच्या फळीवर उभे राहणारे बदक हे या कार्यक्रमाचे लोकांच्या स्मरणात राहिलेले दृश्य होय. आक्षेपाला त्यातून पुष्टी मिळते. नेशनवाइड १९८३ मध्ये बंद झाला.

याहून महत्त्वाचे कार्य बर्मिंगहॅमच्या पेबल मिल केंद्रातील (१९७१) इंग्लिश रीजन्स ड्रामा या विभागाने केले. डेव्हिड रोझ यांच्या नेतृत्वाखाली लंडनबाहेरील लेखकांना तेथे वाव मिळाला आणि त्यांची नाटके राष्ट्रीय वाहिन्यांवर गेली. पेंडाज फेन (१९७४), नट्स इन मे (१९७६) ही त्यांपैकी काही. ॲलन ब्लीझडेल यांची बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ ही पाच भागांची मालिका १९८२ च्या शरद ऋतूत बीबीसी-२ वर झाली. लिव्हरपूलमधील बेकार कामगारांची ही कथा इतकी गाजली, की जानेवारी १९८३ मध्ये बीबीसी-१ वर ती पुन्हा दाखवावी लागली. बेकारांची संख्या तीस लाखांवर गेलेल्या त्या काळात ‘मला काम द्या’ अशा अर्थाचे तिच्यातील एका पात्राचे लिव्हरपूली बोलीतील वाक्य देशभर लोकांच्या तोंडी झाले. भारतीयांच्या दृष्टीने उल्लेखनीय म्हणजे, दक्षिण आशियातून आलेल्या लोकांसाठी हिंदी-उर्दूत होणारा नई जिंदगी नया जीवन हा कार्यक्रमही बर्मिंगहॅममध्येच तयार होऊन रविवारी सकाळी देशभर प्रक्षेपित होई. येथे प्रदेश हा भूगोलाने नव्हे, तर भाषेने ठरला होता.

वेल्श भाषकांचा प्रश्न मात्र राष्ट्रीय पडद्यावर जागा मिळवून सुटला नाही. तो स्वतंत्र वाहिनीने सुटला. सरकारने आश्वासन मागे घेतल्यावर १९८० मध्ये ग्विन्फर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी ही वाहिनी सुरू झाली. स्कॉटलंडचा अनुभव निराळा आहे. लॉख लोमंडकाठच्या लस गावी चित्रित होणारी टेक द हाय रोड ही स्कॉटिश टेलिव्हिजनची मालिका १९८० पासून इतर विभागांतही दिसत होती. १९९० च्या कायद्यानंतर कार्यक्रमांची निवड व खरेदी लंडनमधील नेटवर्क सेंटर या एकाच कार्यालयाकडे गेली आणि त्या कार्यालयाने १९९३ मध्ये ती राष्ट्रीय वेळापत्रकातून काढली. स्कॉटलंडमध्ये ती २००३ पर्यंत चालू राहिली. तिला प्रेक्षक नव्हते असे नाही, ते त्या कार्यालयाला हवे होते तेथे नव्हते.

१९९१ च्या परवाना-लिलावानंतर टेम्ससह काही कंपन्या बाद झाल्या व उरलेल्यांचे विलीनीकरण सुरू झाले. ऑक्टोबर २००२ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये कंपन्यांची जुनी नावे राष्ट्रीय कार्यक्रमांच्या मधून नाहीशी झाली. कार्लटन व ग्रॅनाडा यांच्या एकीकरणाने २००४ मध्ये आयटीव्ही ही एकच मोठी कंपनी बनली. उत्तर आयर्लंडची अल्स्टर वाहिनी २०१६ मध्ये तिच्याकडे गेली, स्कॉटलंडचा बराचसा भाग मात्र वेगळ्या कंपनीकडे राहिला. बातम्यांखेरीज इतर प्रादेशिक कार्यक्रम आटत गेले. २००९ मध्ये सीमाप्रदेशाचे बातमीपत्र टाइनसाइडला जोडून कार्लाइलचा स्टुडिओ बंद करण्यात आला. प्रेक्षकांच्या नाराजीनंतर पुढे ते पुन्हा बरेचसे वेगळे करावे लागले.

याच काळात उपग्रहाने एक जुनी अडचण अनपेक्षितपणे दूर केली. जुलै २००३ मध्ये बीबीसीने आपले उपग्रह-प्रक्षेपण संकेतबद्ध न ठेवता खुले केले. तेव्हापासून प्लिमथ, लीड्स किंवा बेलफास्टचे प्रादेशिक बातमीपत्र उपग्रह-ग्राहक असलेल्या देशातील कोणत्याही घरात पाहता येऊ लागले. त्याकरिता वाहिन्यांच्या यादीच्या अगदी शेवटी जावे लागे.