बटाट्याचं कूळ

बटाटा आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या नावाचं कूळ लिस्बनच्याही पलीकडे, कॅरिबियन बेटांवर आहे. तिथल्या ताइनो लोकांच्या भाषेत ‘बटाटा’ म्हणजे रताळं. १४९२मध्ये कोलंबस याच बेटांवर उतरला, म्हणून नव्या खंडातल्या वस्तूंची स्पॅनिश माणसाने पहिल्यांदा ऐकलेली नावं ताइनो होती. होडीसाठीचा ‘कानोआ’ हा ताइनो शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीसच नेब्रिखाच्या स्पॅनिश कोशात शिरला. पुढे रोगराई आणि वेठबिगारीने ताइनो समाज चिरडला गेला, भाषाही गेली. तिचा शब्द मात्र आपण रोज भाजीत चिरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरा बटाटा अँडीज पर्वतातला. केचुआ भाषेत तो ‘पापा’. स्पेनमध्ये ‘पापा’ आणि ‘बटाटा’ यांची सरमिसळ होऊन ‘पाताता’ झालं. पोर्तुगिजांनी रताळ्याचंच नाव बटाट्याला दिलं आणि ते आपल्यापर्यंत पोचलं. लॅटिन अमेरिकेत मात्र अजूनही ‘पापा’च म्हणतात. ब्यूनोस आयर्सच्या भाजीवाल्याकडे कुणी मराठी माणसाने ‘बटाटा’ मागितला, तर पिशवीत रताळी पडतील.

स्पॅनिश आज वीस देशांची राजभाषा आहे. पण ती कुठे कशी बोलली जाते हे समजून घ्यायचं, तर मंडईत जावं. मेक्सिकोत मिरचीला ‘चिले’ म्हणतात, तो नाहुआत्ल भाषेतला शब्द. पेरूमध्ये तीच मिरची ‘आखी’, म्हणजे पुन्हा ताइनो. अ‍ॅव्होकॅडोची गोष्ट याहून रंगतदार. मेक्सिकोत तो ‘आग्वाकाते’, मूळ नाहुआत्ल. पेरू, चिले, अर्जेंटिनात ‘पाल्ता’. हे पाल्ता नाव एका जमातीचं. तिचा मुलूख जिंकल्यावर हे फळ इंकांच्या कुस्कोत आलं, असं इतिहासकार इंका गार्सिलासोने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवलं. तो मुलूख आजच्या इक्वेडोरच्या दक्षिणेत येतो आणि नेमके इक्वेडोरचेच लोक ‘पाल्ता’ न म्हणता ‘आग्वाकाते’ म्हणतात! जिथलं नाव तिथून उठलं आणि शेजाऱ्याकडे नांदलं.

हे शब्द पॅसिफिकही ओलांडून गेले. १५६५पासून अडीचशे वर्षं आकापुल्को ते मनिला अशी स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्यांतून मेक्सिकोची चांदी गेली, रोपं गेली आणि रोपांसोबत नावंही. फिलिपिन्समध्ये आज स्पॅनिश बोलणारे थोडेच उरलेत. झांबोआंगाकडे तिच्यापासून घडलेली चावाकानो तेवढी जोरात आहे. पण मनिलात रताळ्याला ‘कामोते’ म्हणतात, ते नाहुआत्ल ‘कामोत्ली’वरून. तिथल्या हंगामी बाजाराला, जिथे घासाघीस करून कपडे, चपला, खेळणी घेतात, त्याला म्हणतात ‘तियांगे’. मेक्सिकोत आठवडी बाजाराला ‘तियांगीस’ म्हणतात, त्याच नाहुआत्ल मुळाचा हा शब्द.