काडेपेटीतले पाच ‘ळ’

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी जुन्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकले होते. ते बघून आमच्या घरातलं एक व्हिजिटिंग कार्ड आठवलं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही धारचे. पवारांच्या बरोबर पूर्वज माळव्यात आले आणि इथलेच झाले. आजोबा दरबारात कारकून होते. संस्थानाचं नाव असलेली त्यांची कार्डं मी पाहिली आहेत, जाड, पिवळट, सुंदर. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि उरलेला गठ्ठा एका दिवसात रद्दी झाला. आजी त्या कार्डांच्या पाठीवर धोब्याचा हिशोब लिहायची. आजोबा काही बोलत नसत, पण हिशोबाच्या वेळी उठून जात.

देवासची गंमत निराळीच. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार भावांच्या दोन गाद्या एकाच गावात, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझी आत्या तिथे दिलेली. तिच्या सासऱ्यांना नाव सांगितलं की लगेच पातीही सांगायची सवय होती, ती विलीनीकरणानंतरही गेली नाही. माणूस कोण हे सांगायला नुसतं नाव पुरत नाही, हे आमच्याकडे असं मुरलेलं होतं.

मांडवगडावर तर हे दगडावर लिहिलेलं आहे. होशंगशाहाच्या कबरीच्या दाराच्या चौकटीवर एक फारसी लेख आहे. १६५९ च्या सुमाराला शाहजहानच्या पदरचे चार वास्तुकार ती इमारत मुद्दाम बघायला आले आणि आपली नावं कोरून गेले. त्यांतला एक लुत्फुल्ला, ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. नाव, कुणाचा कोण, धंदा, तारीख. नाना म्हणायचे, “हे बघ, मांडूतलं पहिलं व्हिजिटिंग कार्ड!” लंडनचे दुकानदारही सतराव्या शतकापासून अशी छापील पत्रकं वाटत, पण आमच्या नानांना लंडनशी कर्तव्य नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. १९७९ साली त्यांनी मांडूला एका भाड्याच्या खोलीत खाणावळ काढली. घरात चार मुलं, पगार शाळामास्तरचा. श्रावणात इंदूरची, खानदेशातली मराठी मंडळी जहाज महाल बघायला येत. दाल-बाफले सगळीकडे मिळत. वरण-भात, मऊ पोळी, भरली वांगी मिळत नसत. स्वयंपाक आईचा. पण खोली बस थांबायची तिथून आत, बोळात. माणसं उतरत, गोरखचिंचेची फळं विकणाऱ्या बायकांभोवती जमत आणि निघून जात. पहिल्या पावसाळ्यात आईने कितीतरी वेळा उरलेला भात गाईला घातला. तिच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या ते त्याच वर्षी.

तेव्हा कार्डं छापायचं ठरलं. धारच्या एका छापखान्यात नाना पाचशे कार्डांची ऑर्डर देऊन आले. पायाने चालवायचं ट्रेडल, हाताने जुळवलेले खिळे. कार्डं आली आणि आईने पहिलंच वाचून कपाळाला हात लावला. “पूरनपोली.” वर आमच्या आडनावातला ‘ळ’ही ‘ल’ झालेला. छापखानेवाल्याचं म्हणणं सरळ होतं: हिंदीत हे अक्षर लागत नाही, ते आम्ही ठेवत नाही. (माळवी माणूस बोलताना ‘ळ’ अगदी सहज म्हणतो हो, फक्त छापताना तो नाहीसा होतो.) देवासचा आत्येभाऊ हसून म्हणाला, “मामा, आमच्या गावात बँक नोट प्रेस आहे, सरकार नोटेवर मराठी छापतं. आणि तुम्हाला एक ‘ळ’ मिळेना?”

नानांनी ती पाचशे कार्डं वाटली नाहीत. मला वाटतं हा हट्टच होता. पैसे नव्हते घरात. ते इंदूरला गेले. तिथे मराठी छपाई चाले. एका ओळखीच्या जुळाऱ्याकडून त्यांनी त्याच मापाचे पाच ‘ळ’ मागून आणले, काडेपेटीत कापूस घालून. माप चुकलं असतं तर अक्षर ओळीत बसलं नसतं. धारच्या छापखान्यात नाना शेजारी उभे राहिले, छपाई झाली, आणि पाचही खिळे मोजून काडेपेटीत परत.

आजोबांनी नवं कार्ड चष्मा लावून वाचलं आणि एकच विचारलं, “परिक्रमावासींचं काय?”

नर्मदा परिक्रमेतले लोक रेवाकुंडासाठी मांडूवर चढून येतात. त्यांत मराठी माणसं पुष्कळ. आमच्या घरात परिक्रमावासीला सदावर्त, पैसे घेणं म्हणजे पाप. नाना म्हणाले, “अण्णा, खोलीचं भाडं कोण देणार?” दोघे दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी आईने तोड काढली. कार्डाच्या मागे रबरी शिक्का मारायचा: परिक्रमावासींना भोजन विनामूल्य. पाचशे शिक्के आजोबांनी स्वतः मारले, ओसरीवर बसून. पहिलं कार्ड हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं.

शिक्क्याच्या खाली नानांनी धार-मांडू बसच्या वेळा लिहून घेतल्या होत्या, आणि कुठलं ठिकाण आधी बघावं तो क्रम: आधी रूपमतीचा मंडप, ढग नसतील तर खाली नर्मदा दिसते, मग परत गावात, जेवण, जहाज महाल. हुशारी अशी की त्या क्रमाने माणूस बरोबर जेवायच्या वेळेला आमच्या बोळाशी येई. बिलाबरोबर दोन कार्डं देत, “एक तुम्हाला, एक शेजाऱ्यांना.” बसच्या कंडक्टरांकडे गठ्ठाच. पुढे बसच्या वेळा बदलल्या आणि एका कुटुंबाची शेवटची बस चुकली, ते रात्री आमच्याच खोलीत झोपले. त्यानंतर नाना प्रत्येक कार्डावर पेनने वेळ दुरुस्त करत बसत.

धंदा कार्डानेच वाढला असं मी म्हणणार नाही. आईच्या हाताला चव होती. पण तिसऱ्या वर्षी बांगड्या सुटून आल्या. आणि सगळ्यात जास्त कार्डं फिरवली ती फुकट जेवणाऱ्यांनीच. परिक्रमा संपवून घरी गेलेल्या माणसाच्या झोळीतून ती नाशिकला, साताऱ्याला, नागपूरला पोचली. पुढच्या पावसाळ्यात तिकडची कुटुंबं कार्ड हातात धरून बोळ शोधत यायची, आणि ती पैसे देऊन जेवायची. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मी धंद्यासाठी नव्हतो मारले शिक्के.” मग जरा थांबून, “किती आले म्हणालास?”

आईचे गुडघे गेले आणि १९९६ मध्ये खाणावळ बंद केली. आता इंदूरच्या घरी देवघराच्या खणात एक कार्ड आहे, हळदीने पिवळं पडलेलं. काडेपेटीही आहे. त्यात चारच ‘ळ’ निघाले. पाचवा कुठे गेला कोण जाणे.

कुणाच्या आजोबा-आजींनी परिक्रमा केली असेल तर त्यांच्या वह्या-झोळ्या एकदा चाळून बघा. मागे जांभळा शिक्का असलेलं कार्ड सापडलं तर फोटो नक्की टाका. शिक्का जरासा तिरका असेल तर तो आजोबांचाच.