आतल्या उजेडाला साक्षीदार कोण?

आधी पाऊस लागतो, मग चिखल. 1656 चा ऑक्टोबर आहे आणि तुम्ही ब्रिस्टलच्या रेडक्लिफ वेशीकडे निघालेल्या एका विचित्र घोळक्यामागे चालता आहात. घोड्यावर एक माणूस आहे, जेम्स नेलर. मूळचा यॉर्कशायरचा शेतकरी, क्रॉमवेलच्या काळातल्या लढायांत सैन्यात असलेला. लगाम बायकांच्या हातात. पुढे एक जण भर पावसात बोडक्या डोक्यानं चाललाय. बायका ‘पवित्र, पवित्र’ म्हणत गातायत आणि त्यांच्या झग्यांतून पाणी निथळतंय. एक वाटसरू त्यांना सांगून बघतो की बाजूला चांगली वाट आहे, देवाला एवढा त्रास नको असतो. ते गातच राहतात.

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ख्रिस्ताचा यरुशलेमप्रवेश, माहीत असलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखायला वेळ लागत नाही.

नेलर क्वेकर आहे, म्हणजे प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड असतो असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. ब्रिस्टलमध्ये क्वेकर पुष्कळ आहेत. पण या मिरवणुकीला सामोरं यायला त्यांच्यातलं कुणी फिरकत नाही. कारण शोधायला एक महिना मागे, एक्झिटरच्या तुरुंगात चला. नेलर कैदेत आहे आणि स्वतः कैदेतून नुकताच सुटलेला, पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स त्याला भेटायला आलाय. शब्दाला शब्द वाढतो. शेवटी नेलर त्याचं चुंबन घ्यायला पुढे होतो, तर फॉक्स पाऊल पुढे करतो. तुम्हाला अवघडल्यासारखं होतं. मलाही हा प्रसंग कधी पचलेला नाही.

कारण हाच तो फॉक्स! 1649 साली नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये उपदेशक सांगत होता की सगळी मतं पवित्र शास्त्रावर घासून पाहावीत. फॉक्स भर उपासनेत उठला आणि म्हणाला, शास्त्रावर नव्हे, ज्या आत्म्यानं ते शास्त्र लिहवून घेतलं त्या आत्म्यावर. त्याला तुरुंगात टाकलं. तीन वर्षांनी उल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये त्यानं लोकांना विचारलं: ख्रिस्त काय म्हणाला, प्रेषित काय म्हणाले, हे तुम्ही सांगाल, पण तुमचं स्वतःचं काय? ते ऐकून पुढे क्वेकर झालेली मार्गारेट फेल जागच्या जागी रडू लागली. नेलर आता फॉक्सला तेच उत्तर देतोय: मला आतून आज्ञा झाली. ती खोटी, हे फॉक्सनं कशाच्या बळावर ठरवायचं?

ब्रिस्टलमध्ये पकडलेल्या नेलरचा खटला संसदेपुढे आहे; डिसेंबरात वेस्टमिन्स्टरला या. सभागृह खच्चून भरलंय. नेलर डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून ती दुसऱ्यानं काढून घ्यावी लागते. तो सांगतो, मान जेम्सला नव्हता, आत वसलेल्या ख्रिस्ताला होता; मला फक्त एक खूण करून दाखवायची होती. सभासद लेवीय पुस्तकातला ईश्वरनिंदेचा कायदा काढून बसतात, ज्यात दगडमाराची शिक्षा आहे. दोन्हीकडे एकच ग्रंथ. ग्रंथापेक्षा आत्मा मोठा म्हणणारानं ग्रंथातलंच एक पान अंगावर घेतलं होतं आणि शास्त्राच्या राखणदारांनी त्याच ग्रंथातलं दुसरं पान उघडलं. फाशी द्यावी की नाही यावर मतं पडतात: द्यावी म्हणणारे 82, नको म्हणणारे 96. नेलर चौदा मतांनी वाचतो. पुढचं पाहायला थांबू नका. 310 फटके, तापल्या सळईनं जिभेला भोक, कपाळावर ईश्वरनिंदकाचं अक्षर. राज्याचा प्रमुख क्रॉमवेल संसदेला विचारतो, हा अधिकार तुम्ही कुठून आणला?

क्वेकरांनी धडा घेतला. आतला आवाज खरा, पण तो सभेनं पारखावा. एकट्याची साक्ष पुरेशी नाही. त्यांच्यातल्याच रॉबर्ट बार्कलेनं 1676 साली लॅटिनमध्ये ते तत्त्वात बसवलं: शास्त्र दुय्यम, आत्मा प्रमुख, पण आत्म्याच्या नावानं केलेली जी गोष्ट शास्त्राविरुद्ध जाते ती भ्रम. हुशार मांडणी आहे. मात्र नॉटिंगहॅमच्या त्या उपदेशकानं हे वाचलं असतं तर तो गालातल्या गालात हसला असता, असं मला वाटतं. पंथ टिकला तो असाच, फॉक्सनं स्वतःच्या जुन्या बंडाला थोडी मुरड घातली म्हणून.

पण मुरड कुठपर्यंत घालायची? हे बघायला 1661 सालच्या लंडनमध्ये, क्वेकरांच्या एका सभेत शिरा. जॉन पेरट रोमच्या कैदखान्यातून परतलाय. पोपला क्वेकर करायला गेलेला माणूस! तो म्हणतो, प्रार्थनेच्या वेळी पुरुषांनी टोपी काढायची हीसुद्धा माणसांनीच पाडलेली रीत. आतून आज्ञा होईल तेव्हाच काढावी. न्यायाधीशांपुढे टोपी काढली नाही म्हणून तुरुंग भोगलेली ही माणसं. फॉक्स संतापलाय, क्वेकरांत तट पडलेत. इतक्यात समोरचा एक जण प्रार्थनेला उठतो. अर्धे हात डोक्याकडे जातात, अर्धे जात नाहीत, आणि सगळे तुमच्या टोपीकडे बघू लागतात.